आधी कपाट उघडा

प्रश्न : मुलगा बारावी सायन्सला आहे. अकरावीला ६१ टक्के. जॅझ आणि ऱ्हिदम अँड ब्लूज वाजवणारा सेशन गिटारिस्ट व्हायचं म्हणतो. दार लावून तासन्‌तास सोलो वाजवायचा, हात फार वेगवान आहे. जेईईला ९५ पर्सेंटाइल मिळेपर्यंत मी गिटार कपाटात कुलूप लावून ठेवली आहे. या क्षेत्राला स्कोप आहे का? – एक वडील, सांगली

उत्तर : स्कोपचं नंतर बघू. मला खटकलं ते कुलूप. तुम्ही चावी खिशात घालून ऑफिसला जाता आणि मुलगा फिजिक्स उघडून बसतो. त्याचं लक्ष पुस्तकात असेल की कपाटाकडे? शेजारी मिरजेत पिढ्यान्‌पिढ्या तंतुवाद्यं घडवतात हो, आणि तुम्ही वाद्याला कुलूप घालता! ९५ नाही मिळाले तर काय, विकणार? मिळाले तर कपाट उघडल्यावर पोरगा पहिला कोणता राग आळवेल, हे सांगायला संगीत यायला नको.

आता चिरंजीव. त्यांचाही एक घोळ आहे. सेशनचं काम म्हणजे दुसऱ्यांच्या गाण्यांना स्टुडिओत साथ करणं, एकट्याने चमकायचा सोलो नव्हे. अमेरिकेत डेट्रॉइटच्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत एकाच गाण्यावर तीन-तीन गिटारवाले बसत. त्यांपैकी एक, ‘जो मेसिना’ नावाचा, मुळात जॅझवाला, पण तिथे बरेचदा स्नेअर ड्रमच्या ठोक्यावर एक आखूड कॉर्ड, म्हणजे एकदम छेडलेले दोन-चार सूर, मारायचा, बस्स. १९६४ च्या ‘माय गर्ल’ची सुरुवातीची गिटार रॉबर्ट व्हाइटची, गाणं जगाने गुणगुणलं, वाजवणाऱ्याचं नाव कोणाला ठाऊक होतं? १९७१ पर्यंत मोटाउनच्या तबकड्यांवर या वादकांची नावंच छापत नसत. १९७२ मध्ये कंपनी लॉस एंजेलिसला गेली आणि अनेकांचं हातातलं काम सुटलं. आपल्याकडे गोव्याचे वादक मुंबईच्या फिल्मी ऑर्केस्ट्रात टिकले, कारण समोर ठेवलेलं नोटेशन, म्हणजे कागदावर लिहिलेले सूर, ते तिथल्या तिथे वाचून वाजवत. तुमच्या मुलाला नोटेशन येतं का? पत्रात त्याचा उल्लेख नाही, म्हणजे बहुधा नाही.

पैशांचंही स्पष्ट सांगतो. कीबोर्ड आणि कॉम्प्युटरने स्टुडिओतलं बरंच काम खाल्लंय. निव्वळ सेशनवर घर चालवणारे थोडे; बाकीचे शिकवतात, कार्यक्रमांत वाजवतात, घरी रेकॉर्ड करून फाइल पाठवतात. ट्रिनिटी किंवा रॉकस्कूल या संस्थांच्या संगीताच्या ग्रेड परीक्षा बारावीनंतरही देता येतात. बॉस्टनच्या बर्कली या संगीत कॉलेजचं नाव तो काढेलच. आधी फी बघा.

तेव्हा आज गिटार परत द्या, अट न घालता. रोज किती वेळ, ते त्याच्याशी बोलून ठरवा. परीक्षा झाली की एखाद्या ऑर्केस्ट्राच्या तालमीला पाठवा. गायकाच्या मागे तीन तास नुसत्या कॉर्ड, सोलो एकही नाही. कंटाळून घरी आला, तर त्याचं उत्तर त्यालाच मिळालं. पुढची तालीम कधी म्हणून विचारू लागला, तर मला पुन्हा लिहा. पण या खेपेला पत्र त्याला लिहू द्या.