अवकाशातल्या प्रत्येक तुकड्याची नोंद असते म्हणतात, मग तो कुठे पडणार हे आधी का सांगत नाहीत?

आमच्या घरात हा वाद २ एप्रिल २०२२ पासून चालू आहे, म्हणून लिहितेय. पाडवा होता. संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास नागपुरात आम्ही सगळे गच्चीवर होतो. पेटते ठिपके एका ओळीत, मागे शेपट्या सोडत, सावकाश गेले. भाऊजी म्हणाले, उल्का. मी तिथेच म्हटलं, उल्का नाही. उल्का बोट दाखवेपर्यंत विझते. हे कितीतरी वेळ दिसत होतं आणि जवळजवळ आडवं चाललं होतं. कक्षेतून उतरणारी वस्तू सेकंदाला पावणेआठ किलोमीटरच्या आसपास वेगाने वातावरणाला घासत येते. उल्का त्याहून खूप वेगात शिरते.

त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीजवळ लाडबोरीला तीनेक मीटर व्यासाचं धातूचं कडं सापडलं, पुढे आसपास धातूचे गोळेही. खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी नोंदी ताडून सांगितलं, फेब्रुवारी २०२१मध्ये उडालेल्या चिनी लाँग मार्च ३बी रॉकेटचा हा तिसरा टप्पा, म्हणजे सगळ्यात वरचा भाग असावा.

मग भाऊजींनी बाजू बदलली: "नोंद होती ना? मग शास्त्रज्ञ झोपले होते का?"

नाही, झोपले नव्हते. नोंद म्हणजे चोवीस तास नजर नव्हे. तुकडा रडारच्या पल्ल्यात येतो तेवढ्यापुरता मोजला जातो, पुढचं सगळं गणित. वर ते छान जमतं. खाली विरळ हवेचा रोध लागतो, सूर्य चेतला की ती हवा फुगते, त्यात तुकडा कोलांट्या खात असतो. वेळ दहा मिनिटांनी चुकली तरी जागा साडेचार हजार किलोमीटरने सरकते. मग गाव कुठलं रिकामं करायचं?

जाब विचारायचाच तर टप्पा वर बेवारस सोडणाऱ्यांना विचारा. थोडं इंधन राखून तो समुद्रात उतरवता येतो. इंधनाचा खर्च त्यांनी वाचवायचा आणि कडं लाडबोरीत पडायचं, हे मला मान्य नाही.

हो, यादीही पूर्ण नाही. ती मुख्यतः अमेरिकी सैन्य ठेवतं आणि खालच्या कक्षेतले साधारण दहा सेंटिमीटरहून लहान तुकडे तिच्यात सहसा नसतात. इस्रोचंही बंगळुरूला यासाठी केंद्र आहे.

ही अमेरिकी यादी स्पेस-ट्रॅक या संकेतस्थळावर असते, तिथे खातं फुकट उघडता येतं. तुकडा कधी पडणार याचा कुठलाही अंदाज वाचताना वेळेशेजारचा अधिक-उणे आकडा आधी बघा. घरात कोणी 'झोपले होते का' म्हणालं, तर त्यालाही तोच दाखवा.