रोटरी इंजिन : कोणता भाग कोणत्या इंजिनाचा?

प्रश्न : आमच्या तंत्रनिकेतनाच्या वर्कशॉपला माझदाच्या १३बी रोटरी इंजिनांचे सुटे भाग भेट मिळाले आहेत. दोन इंजिने एकत्र खोलल्यामुळे सगळे भाग मिसळले आहेत. त्यांतून विद्यार्थ्यांकडून एक इंजिन बांधून ते चालू करायचे आहे. जोडीचे भाग कसे ओळखावेत?
– एक अध्यापक, लातूर

उत्तर : आपली खरी अडचण अशी आहे की निरनिराळ्या वर्षांच्या १३बी इंजिनांचे बरेच भाग एकमेकांत सहज बसतात; पण भाग बसला म्हणजे तो जुळलाच, असे नाही. रोटरची, म्हणजे पिस्टनच्या जागी फिरणाऱ्या तिकोनी भागाची, जाडी ८० मिलिमीटर भरली तर तो १३बीचा आणि ७० भरली तर १२ए या माझदाच्याच दुसऱ्या रोटरी इंजिनाचा, एवढे व्हर्नियर सांगेल. त्यापुढे मात्र खुणा आणि वजन यांवरच भिस्त ठेवावी लागते.

सर्वांत आधी रोटर पाहावेत. १९८६ ते १९८८ च्या माझदा आरएक्स-७ मोटारीत टर्बो इंजिनाचे कॉम्प्रेशन (मिश्रण किती पट दाबले जाते ते प्रमाण) ८.५ आणि साध्याचे, म्हणजे टर्बो नसलेल्याचे, ९.४ होते, १९८९ पासून ते अनुक्रमे ९.० आणि ९.७ झाले. रोटरच्या बाहेरील तिन्ही पृष्ठांवर जो खोलगट खड्डा असतो, तो कमी कॉम्प्रेशनच्या रोटरमध्ये मोठा असतो, म्हणून दोन रोटर शेजारी ठेवून हे खड्डे ताडून पाहावेत. शिवाय रोटरच्या बाजूवर ए ते ई यांपैकी एक अक्षर ठोकलेले असते. ते वजनाचा गट दाखवते. एका इंजिनात दोन रोटर असतात; त्या दोन्ही रोटरांवर एकच अक्षर असणे उत्तम. अक्षर झिजले असेल, तर सगळे सील काढून, कार्बन स्वच्छ करून आणि बेअरिंग दोन्हींत ठेवून किंवा दोन्हींतून काढून, एकाच इलेक्ट्रॉनिक काट्यावर दोघांचे वजन करावे.

वजनाचा एवढा आग्रह का, हे विद्यार्थ्यांना जरूर समजावून द्यावे. दोन रोटर शाफ्टवर एकमेकांच्या विरुद्ध बाजूंना असल्यामुळे त्यांचे धक्के परस्परांना निष्प्रभ करतात, परंतु ते एका रेषेत नसून पुढे-मागे असल्यामुळे शाफ्टला डोलवणारे बल शिल्लक राहते, आणि ते शाफ्टच्या पुढच्या व मागच्या काउंटरवेटने, म्हणजे तोल साधणाऱ्या वजनाने, सावरले जाते. १९८९ पासून रोटर हलके झाले, तशी काउंटरवेटही बदलली. त्यामुळे नवे रोटर आणि जुनी काउंटरवेट असे इंजिन बिनतक्रार बांधले जाईल, पण फेरे वाढताच थरथरू लागेल व बेअरिंग खाईल. मॅन्युअल गिअरच्या मूळ फ्लायव्हीलमध्येच मागचे काउंटरवेट ओतलेले असते, हेही ध्यानात असू द्यावे; म्हणजे फ्लायव्हील हाही जोडीचाच भाग झाला.

रोटरच्या तिन्ही टोकांवर बसणाऱ्या सीलची खाच १९८५ पर्यंत ३ मिलिमीटर आणि १९८६ पासून २ मिलिमीटर रुंद आहे. तरीही ३ मिलिमीटरची खाच दिसली म्हणून रोटर जुनाच, असे धरू नये, कारण झिजलेली २ मिलिमीटरची खाच पुष्कळदा मशिनिंग करून रुंद केली जाते.

पाण्याच्या सीलची खाच जुन्या इंजिनांत रोटर हाउसिंगमध्ये (रोटर ज्यात फिरतो त्या कवचात), तर १९८६ पासून बाजूच्या बिडाच्या प्लेटमध्ये असते. दोन्हींत खाच असेल किंवा दोन्ही सपाट असतील, तर ती जोडी चुकली.

रोटरच्या बाजूचे सील प्रत्येक खाचेसाठी स्वतंत्र घासून बसवलेले असतात. जुने सील वापरायचे असल्यास ते प्रत्येक खाचेत घालून कोपऱ्याच्या सीलपाशी फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) फट मोजावी, ०.०५ ते ०.१५ मिलिमीटर फट योग्य, ०.४० च्या पुढे सील बाद.

काहीही जोडण्यापूर्वी दोन्ही रोटरांची वजने, त्यांवरील अक्षरे आणि काउंटरवेटची छायाचित्रे आमच्याकडे पाठवावीत.