डोंगरातला दगड कुजतो का?

प्रश्न : सर, पन्हाळ्याला चढताना रस्त्यासाठी कापलेल्या डोंगरात गोल गोल दगड दिसतात, कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले, बोटानं ओढलं की मातीच हातात येते आणि आत मात्र टणक काळा दगड. नदीतले गोटे वर कसे गेले? – एक वाचक, कोडोली

उत्तर : नदीचा इथं काही संबंध नाही, तो दगड जागच्या जागी कुजलाय. आपला काळा दगड म्हणजे बेसॉल्ट, साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीचा लाव्हा, तो थंड होताना आकसला आणि उभ्याआडव्या भेगा पडून त्याचे ठोकळे झाले. पावसाचं पाणी हवेतला, मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आंबट होतं, भेगांतून आत शिरतं आणि दगडातल्या खनिजांची हळूहळू चिकणमाती करतं, लोह गंजतं म्हणून तो तांबूस-पिवळा रंग. आता ठोकळ्याच्या कोपऱ्याला पाणी तीन बाजूंनी लागतं, सपाट अंगाला एकाच, त्यामुळं कोपरे आधी जातात आणि मधे गोळा उरतो. शाळेत शिकलेलं विदारण ते हेच.

तुमच्या हातात आली ती माती म्हणजे मुरूम, पाणंदीवर टाकतो तोच. तो आणखी कुजला की काळी माती, जी पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढी फाटते, म्हणून त्या रानात घर बांधलं की भिंतींना तडे जातात. गडाच्या माथ्यावरचा जांभासुद्धा याच दगडाचा बरं का, जास्त पावसात सिलिका, म्हणजे वाळूत असतो तो घटक, विरघळून गेली आणि लोह, ॲल्युमिनियम मागं राहिलं, राधानगरीकडचं बॉक्साइट, म्हणजे ज्यापासून ॲल्युमिनियम काढतात तो दगड, पण तसंच तयार झालंय.

पण मला खरी काळजी त्या कापलेल्या उताराची वाटते. मुरूम भिजला की जड होतो, आतल्या पाण्याच्या दाबानं कणांची पकड सुटते आणि रस्त्यासाठी आपण नेमका पायथ्याचा आधारच काढलेला असतो. जुलै 2021 च्या पावसात पन्हाळ्याचा रस्ता खचला ते आठवत असेलच. डोंगर कापायचाच असेल तर पाणी बाहेर काढणारे चर आणि उताराला टप्पे आधी झाले पाहिजेत, नुसती भिंत बांधून भागत नाही, तिच्यामागं पाणी साठतं. तुम्ही नेहमी त्या वाटेनं जाताय तर एक करा, वरच्या अंगाला नवीन भेग दिसली, झाडं कललेली दिसली किंवा झऱ्याचं पाणी एकदम गढूळ झालं तर तिथं गाडी थांबवून फोटो काढत बसू नका, पुढं सुरक्षित ठिकाणी जाऊन लगेच तहसील कार्यालयाला कळवा.