नफा झाला म्हणूनच भांडण

जळगाव

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझा मेल वाचला, सोबतचे स्क्रीनशॉटही पाहिले. सोनं आणि चलनांचे सौदे करायला परदेशी ऑनलाइन दलाल कंपनीत दीड हजार डॉलर भरले, त्याचे सहा हजारांच्या वर झाले, पैसे काढायचा अर्ज टाकला आणि कंपनीचं उत्तर आलं: तुमच्या खात्यात 'गैरवापराचे सौदे' आढळले, करारातल्या कलमानुसार नफा रद्द, मूळ रक्कम परत मिळेल. शेवटी तू विचारलंस, "आते काय करानं काका? नोटीस ठोकू या का?"

नोटिशीचं नंतर बघू. सुरुवातीचे दोन महिने तू तोट्यात होतास, तेव्हाही तू असेच सौदे करत होतास. तेव्हा कंपनीला त्यात काही वावगं दिसलं नाही. का, ते आधी समजून घे.

तू 'सोनं घेतलं' म्हणतोस तेव्हा तो सौदा कुठल्या तरी बाजारात जाऊन लागतोच असं नाही. पुष्कळ कंपन्या छोट्या खात्यांचे सौदे बाहेर पाठवतच नाहीत, समोरची बाजू स्वतःच घेतात. या धंद्यात त्याला बी-बुक म्हणतात. युरोपच्या बाजार नियामकानं २०१८ मध्ये छोट्या ग्राहकांवर बंधनं घातली तेव्हा सांगितलं होतं की अशा, नुसत्या भावाच्या फरकावरच्या सौद्यांत ७४ ते ८९ टक्के खाती तोट्यात जातात. एवढे लोक हरणार असतील तर सौदा बाहेर पाठवायचा कशाला? तुझा तोटा हीच त्यांची कमाई. तू जिंकलास की तीच रक्कम त्यांच्या खिशातून जाते. म्हणून हरणाऱ्याशी कंपनीचं भांडण क्वचित होतं. जिंकणाऱ्याच्या बाबतीत मात्र करार उघडला जातो आणि त्यात एखादं कलम सापडतंच. रावेरकडे बागेत केळीचा भाव ठरतो आणि माल निघाल्यावर व्यापारी 'बाजार पडला' म्हणतो, तसंच हे. फक्त तिथे गाडी निदान आपल्या बांधावर उभी असते.

आता तुझ्या कागदांकडे येतो. कंपनीच्या संकेतस्थळावर सायप्रस आणि इंग्लंडचे परवाने ठळक छापलेत. पण तू ज्या करारावर 'मान्य' दाबलंस, त्याच्या पहिल्याच पानावर नाव आहे सेंट व्हिन्सेंटमधल्या भगिनी कंपनीचं. कॅरिबियन समुद्रातला तो बेटांचा देश. तिथलं वित्तीय प्राधिकरण फॉरेक्स, म्हणजे चलनांच्या सौद्यांच्या, दलालीला स्वतः परवाना देतच नाही, त्यामुळे तिथे तक्रार कुणाकडे करायची हाच प्रश्न. सायप्रसच्या परवान्याचा तुला उपयोग शून्य, कारण तू त्या कंपनीचा ग्राहकच नाहीस.

कोर्टाचं ठिकाण किती महाग पडतं याचा एक खटला सांगतो. झेक प्रजासत्ताकातल्या एका विद्यार्थिनीनं ऑक्टोबर २०१४ मध्ये सायप्रसच्या दलालाकडे डॉलर-येनचे ३५ लॉट (लॉट म्हणजे सौद्याचं ठरलेलं माप) घ्यायची ऑर्डर टाकली. ती १६ सेकंद उशिरा लागली, तीही चढ्या भावाला. तिला नफा झाला, पण तिचं म्हणणं असं की ऑर्डर वेळेत लागती तर नफा तिप्पट झाला असता. करारात लिहिलेलं होतं की दावा सायप्रसमध्येच लावायचा. ती आपल्या देशाच्या कोर्टात गेली आणि प्रश्न पोचला लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयात. ३ ऑक्टोबर २०१९ ला निकाल आला: सौद्याची रक्कम मोठी आहे किंवा तिला बाजाराची जाण आहे एवढ्यावरून तिचं 'ग्राहक' असणं संपत नाही, आणि ग्राहकाला स्वतःच्या देशात दावा लावता येतो. निकाल चांगलाच आहे. पण तारखा बघ. पाच वर्षं गेली ती दावा कुठे चालवायचा एवढं ठरायला, १६ सेकंदांचा हिशेब पुढेच राहिला. शिवाय तिच्यामागे युरोपीय कायदा होता. तुझ्यामागे काय आहे, त्यावर येतोच.

दुसरा खटला सिंगापूरचा. तो क्रिप्टोचा आहे, फॉरेक्सचा नाही, पण मुद्दा तुझाच. एप्रिल २०१७ मध्ये क्वॉइन नावाच्या मंचावर यंत्रणेच्या गडबडीत बी२सी२ या व्यापारी कंपनीचे काही सौदे बाजारभावाच्या सुमारे अडीचशे पट दरानं लागले. दुसऱ्या दिवशी मंचानं ते उलटवले. भाव उघडउघड चुकीचा होता, तरी मंच हरला, आणि २०२० मध्ये अपिलातही करारभंगाचा निर्णय कायम राहिला. कारण त्यांच्याच करारात लिहिलं होतं की एकदा पुरी झालेली ऑर्डर मागे घेता येत नाही. विचित्र भावाचे सौदे रद्द करण्याची मुभा देणारा एक दस्तऐवज त्यांनी मागाहून संकेतस्थळावर चढवला होता, पण ग्राहकांना कळवला नव्हता. तो करारात धरला गेला नाही.

म्हणून तुला माझा पहिला प्रश्न आहे: खातं उघडलंस त्या दिवशीचा करार तुझ्याकडे आहे का? आज संकेतस्थळावर दिसतो तो नको, त्या दिवशीचा हवा. तेव्हाच्या मेलमध्ये पीडीएफ आली असेल, शोध. 'गैरवापर' हे कलम तेव्हा होतं की नंतर घुसवलं, यावर बरंच अवलंबून आहे.

स्क्रीनशॉटबद्दल मात्र स्पष्ट सांगतो, राग मानू नकोस. एका शुक्रवारच्या सौद्यांत उघडण्याची वेळ १५:३०:०१ दिसते आणि सगळे मिनिटाच्या आत बंद. ही वेळ सर्व्हरची, आपल्याकडे तेव्हा संध्याकाळचे सहा वाजले होते. उन्हाळ्यात अमेरिकेच्या रोजगाराचे आकडे नेमके त्याच क्षणी जाहीर होतात. त्या क्षणी दलालाचा भाव खऱ्या बाजारापेक्षा क्षणभर मागे राहतो आणि तू तो मागे पडलेला भाव उचललास, असं कंपनी म्हणणार. हे सौदे त्यांचा सर्वात मजबूत मुद्दा आहे. पण बाकीचे? सोन्याचे सौदे तर तू दोन-दोन दिवस धरून ठेवलेस. त्यात कसली चलाखी? कंपनीनं सगळा नफा एका फटक्यात पुसला, तिथे ती कच्ची आहे. तेव्हा 'अन्याय झाला' असं लिहू नकोस. विचार की कोणत्या तिकीट क्रमांकाच्या (प्रत्येक सौद्याला मिळतो तो नंबर) सौद्यानं कोणतं कलम मोडलं, आणि उरलेल्या सौद्यांचा नफा कोणत्या आधारावर रोखला. मेलवरच विचार, चॅटवर नको. चॅटचं खातं ते कधीही बंद करतील. मेटाट्रेडर या सौदे करायच्या ॲपमधलं पूर्ण स्टेटमेंट आणि जर्नलची (नोंदींची) फाइल आजच उतरवून ठेव. नुसता स्क्रीनशॉट कोर्टात पुरत नाही. २०२३ च्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली प्रमाणपत्र लागतं, आणि मूळ फाइल असेल तर ते देणं सोपं जातं.

ऑर्डर टाकल्यापासून ती लागेपर्यंत भाव सरकतो, अशीही तू तक्रार केलीस. ती चाल जुनी आहे. इंग्लंडच्या नियामकानं फेब्रुवारी २०१४ मध्ये एफएक्ससीएमच्या तिथल्या कंपनीला ४० लाख पौंडांचा दंड केला, तो यासाठीच: भाव ग्राहकाच्या बाजूनं सरकला तर फायदा कंपनीकडे, विरुद्ध सरकला तर तोटा ग्राहकाच्या माथी. तिथे तपासणारं कुणीतरी होतं म्हणून ते उघडकीला आलं.

आणि आता तुझी स्वतःची बाजू. तुला खातं उघडायची लिंक देणाऱ्यानं हे सांगितलं नसणार. त्याला तुझ्या प्रत्येक लॉटमागे कमिशन मिळतं. भारतात राहणाऱ्या माणसाला चलनाचे असे सौदे अधिकृत संस्थांमार्फत, आणि रिझर्व्ह बँकेनं मान्यता दिलेल्या मंचांवर किंवा एनएसई, बीएसई आणि मेट्रोपॉलिटन स्टॉक एक्स्चेंजवरच करता येतात. बाहेरच्या दलालाला मार्जिन (सौद्यासाठीची अनामत) म्हणून पैसे पाठवायला रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेत, म्हणजे परदेशी पैसे पाठवायच्या योजनेत, मुभा नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेनं अनधिकृत मंचांची पहिली यादी काढली, तीत ३४ नावं होती, पुढे ती वाढत गेली. यादीत नाव नाही म्हणजे परवानगी आहे, असंही नाही, हे बँकेनंच सांगितलंय. अशा मंचावर सौदे करणाऱ्यावर 'फेमा' या परकीय चलन कायद्याखाली कारवाई होऊ शकते, आणि कलम १३ मधला दंड रकमेच्या तिपटीपर्यंत जातो. हा कायदा मुळात दिवाणी स्वरूपाचा आहे, लगेच कुणी बेड्या घालत नाही, तेव्हा घरी रडारड नको. पण इथल्या कोर्टात साडेचार हजार डॉलरच्या वरच्या नफ्याचा दावा लावायचा तर पहिल्याच परिच्छेदात स्वतःच्या सहीनं हे सगळं लिहून द्यावं लागेल. कंपनीला ते पक्कं ठाऊक आहे. तिचं उत्तर इतकं बिनधास्त आहे ते उगाच नाही.

याहून मोठी काळजी मला तुझ्या बँक खात्याची वाटते. पैसे भरताना तू यूपीआयनं कुणा 'एंटरप्रायजेस'च्या खात्यात टाकलेस, आणि मधल्या एका वेळी काढलेले पैसे तिसऱ्याच माणसाच्या खात्यातून आले. तो माणूस कोण? त्याच्या खात्यात एखाद्या फसवणुकीचा पैसा फिरला असेल, तर दुसऱ्या राज्यातली सायबर पोलिसांची चौकी माग काढत तुझ्यापर्यंत येते आणि तुझं खातं गोठवलं जातं. पोलीस त्यासाठी भारतीय नागरी सुरक्षा संहितेच्या कलम १०६ चा आधार घेतात. मग पगारही त्याच खात्यात अडकतो आणि माणूस परराज्यातल्या ठाण्यात खेटे घालत बसतो. अशी प्रकरणं माझ्याकडे येतात, आणि नफ्याच्या भांडणापेक्षा ती जास्त त्रासाची असतात.

तेव्हा नोटीस आत्ता नको. मूळ दीड हजार ते देतो म्हणतात ना, ते घे, पण कंपनीच्या नावानं, बँकेमार्फत, तुझ्याच खात्यात. अनोळखी खात्यातून 'लगेच पाठवतो' म्हणाले तर नाही म्हण. बदल्यात 'यापुढे काही दावा नाही' असा कागद पुढे करतील. तो मला दाखवल्याशिवाय सही करू नकोस. पैसे हातात आल्यावर तिकीटवार प्रश्नांचा मेल चालू ठेवू. त्यातून काही सुटलं तर सुटलं. मला फार आशा नाही, थोडी आहे. मूळ रक्कमही दिली नाही, तर मात्र वाद कराराचा राहत नाही, ती फसवणूक होते. मग सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन आणि सायबर पोर्टलवर तक्रार, एक दिवसही न घालवता. आणि 'नफा सोडवून देतो, आधी फी भरा' म्हणणारे टेलिग्रामवर तुला गाठतील, त्यांना ब्लॉक कर. हरलेल्यांच्या याद्या विकल्या जातात, जिंकून अडकलेल्यांच्या तर जास्तच.

पुढे सौदे करायचेच असतील तर सोन्यासाठी एमसीएक्स हे आपलं कमोडिटी एक्स्चेंज आहे, तिथे एक ग्रॅमचाही करार मिळतो. जळगावात राहून सोन्याचे सौदे सेंट व्हिन्सेंटमध्ये करायचे, हे मला आधीपासूनच पटलेलं नाही. रुपयाच्या चलनजोड्यांना मे २०२४ पासून परकीय चलनाचं खरं देणं-घेणं पाठीशी असावं लागतं, त्यामुळे नुसत्या अंदाजावर खेळायला ती वाट उरलेली नाही. एक्स्चेंजवर नफा झाला म्हणून तुझ्या दलालाच्या पोटात दुखत नाही, त्याला दलाली मिळाली की झालं. आणि वाद झालाच तर सेबीकडे तक्रार आणि लवादाची सोय आहे. तोटा तिथेही होतो, तो कुणी परत देत नाही.

चौथ्या शनिवारी कोर्टाला सुटी आहे, सकाळी घरीच ये. येताना वर्षभराचं बँक स्टेटमेंट, खातं उघडतानाचे मेल आणि ज्या ज्या यूपीआय आयडीवर पैसे टाकलेस त्यांची यादी आण. वडिलांना अजून सांगितलं नसशील तर त्याआधी सांग. खातं गोठलं तर त्यांना ते बँकेच्या मॅनेजरकडून कळायला नको.

तुझा,
काका