कोल्हापूरहून दोघांसाठी रात्रीची रेल्वे: घाट किती वाजता लागतो ते आधी बघा

तुम्ही विचारलंय ते असं: शुक्रवारी संध्याकाळी कोल्हापूर सोडायचं, सोमवारी सकाळी कामावर हजर व्हायचं, नवरा-बायको दोघंच जाणार, रात्र गाडीत झोपून काढायची आणि खिडकीतून डोळे भरून बघण्यासारखंही काहीतरी हवं. तर गाडी कोणती?

पहिली अडचण तुमच्या प्रश्नातच आहे. रात्रीच्या गाडीतून अंधार दिसतो. 'निसर्गरम्य रेल्वेमार्ग' म्हणून ज्या याद्या फिरतात त्यातले बरेच घाट एका दिशेला मध्यरात्री पार होतात आणि लोक झोपेतच गोव्याला पोचतात. म्हणून गाडीचं नाव बाजूला ठेवा. घाट किती वाजता लागतो आणि त्या महिन्यात तेव्हा उजेड असतो का, एवढंच आधी पाहा. या हिशेबानं कोल्हापूरकरांसाठी दोनच चांगले पर्याय उरतात आणि दोघांचे हंगाम वेगळे आहेत.

जुलै ते ऑक्टोबरमध्ये जाणार असाल तर मिरजेहून गोवा एक्सप्रेस. ही निजामुद्दीन ते वास्को गाडी पुणे, मिरज, बेळगाव, लोंढा करत जाते. मिरजेत ती रात्री साडेनऊ-दहाच्या सुमारास येते आणि मडगावला पहाटे पाचच्या आसपास पोचवते. जाताना कॅसलरॉक ते कुळे हा दूधसागर धबधब्याचा घाट गाडी रात्री दोन ते चारच्या दरम्यान उतरते, म्हणजे दिसत काही नाही. जाताना निवांत झोपा. मजा परतीत आहे. रविवारी दुपारी तीनला वास्कोहून सुटलेली गाडी साडेतीनच्या सुमारास मडगावला येते, साडेचारनंतर कुळ्याला पोचते आणि सहाच्या आत-बाहेर कॅसलरॉकला चढलेली असते. म्हणजे अख्खा घाट उजेडात.

हा घाट सुमारे २६ किलोमीटरचा. चढ ३७ ला १, म्हणजे ३७ मीटर पुढं गेलं की एक मीटर वर. रेल्वेच्या हिशेबात हा भलताच खडा चढ आहे, म्हणून कुळ्याला गाडीला जादा इंजिनं लावतात आणि वर कॅसलरॉकला ती काढून घेतात. त्यात वेळ जातो. गाडी अडकलीय असं समजून वैतागू नका. चढताना वेग इतका कमी असतो की झाडावरची शेवाळंसुद्धा नीट दिसतात. १८८८ मध्ये हा मार्ग सुरू झाला तेव्हा खाली पोर्तुगीज राज्य आणि वर इंग्रजांचं, त्यामुळं कॅसलरॉक हे सरहद्दीचं स्टेशन होतं.

दूधसागर सुमारे ३१० मीटर उंचीचा आणि रूळ त्याच्या मधूनच जातो. गोव्याकडून चढताना मुख्य धार उजव्या हाताला येते. मात्र 'उजव्या बाजूची खिडकी' तिकिटात मागता येत नाही, कारण डबा कुठल्या तोंडानं जोडलाय हे आधी कळत नाही. साइड बर्थ कधी उजवीकडं येतात, कधी डावीकडं. कुळं सुटल्यावर समोरच्या कुटुंबाला सांगून अर्धा तास जागा बदलून घ्या. बहुतेक जण हो म्हणतात, भडंगाची पिशवी पुढं केली तर नक्कीच.

आता डब्याचा प्रश्न, आणि इथंच बरेच जण चुकतात. जाताना आणि येताना एकाच वर्गाचं तिकीट काढू नका. जाताना रात्र आहे, तेव्हा सेकंड एसी घ्या आणि पसंती साइड लोअर नि साइड अप्पर अशी द्या. या वर्गात दर सहा बर्थमागं ५ आणि ६, ११ आणि १२, १७ आणि १८ अशा साइडच्या जोड्या असतात. पडदा ओढला की दोघांचा कोपरा तयार. उंची जास्त असेल तर साइडच्या बर्थवर पाय दुमडावे लागतात, तेवढं सोसायचं. थर्ड एसीत साइडचे आकडे ७-८, १५-१६ असे आणि पडद्याचा आडोसा नाही. फर्स्ट एसीत कुपे, म्हणजे दोघांचीच बंद केबिन, मिळाला तर उत्तमच. पण कुपेची फक्त पसंती देता येते, हमी मिळत नाही. केबिन ठरते ती चार्ट लागतानाच. चार जणांच्या केबिनमध्ये दोन अनोळखी काका आले तर त्या जादा पैशांचं काय, याचा विचार करून ठरवा.

येताना मात्र साधा स्लीपर. एसीच्या काचा बंद, गडद रंगाच्या आणि पावसाळ्यात बाहेरून चिखलानं माखलेल्या असतात. त्यातून दूधसागर म्हणजे पांढरट डाग दिसतो आणि फोटोत स्वतःचाच चेहरा येतो. स्लीपरची खिडकी उघडते, पाण्याचा आवाज येतो, तुषार अंगावर येतात. गाडी मिरजेला रात्री साडेदहा-अकराच्या सुमारास येते, त्यामुळं झोपायचा प्रश्नच नाही. एक पंचा आणि मोबाइलला प्लॅस्टिकची पिशवी जवळ ठेवा. दारात उभं राहायचा मोह आवरा. घाटात बोगद्यामागून बोगदा येतो आणि पायऱ्या शेवाळलेल्या असतात. गाडी दूधसागरजवळ थांबली तरी खाली उतरू नका. रुळांवरून धबधब्याकडं चालत जाणं हा रेल्वे कायद्यानुसार गुन्हा आहे आणि २०२३ च्या पावसाळ्यात तिथं जमलेल्या पर्यटकांना पोलिसांनी चांगल्याच उठाबशा काढायला लावल्या होत्या. बायकोसमोर तसला प्रसंग नको.

आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. मिरज ते मडगाव हा लांबच्या गाडीचा छोटा तुकडा, त्यामुळं त्याला कोटा कमी आणि वेटिंग सहसा हलत नाही. अशा वेळी तिकीट पुण्यापासून मडगावपर्यंत काढा आणि बोर्डिंग स्टेशन मिरज असं टाका. पैसे थोडे जास्त जातात, पण जागा बऱ्याचदा मिळते. फक्त बोर्डिंग बदलायला विसरू नका. पुण्याला तुम्ही दिसला नाहीत तर टीसी 'आले नाहीत' अशी नोंद करून बर्थ दुसऱ्याला देतो, आणि मग मिरजेत हातात कन्फर्म तिकीट असूनही भांडत बसावं लागतं. तत्काळच्या भरवशावर राहणार असाल तर आदल्या दिवशी एसीसाठी सकाळी दहा आणि स्लीपरसाठी अकरा ही वेळ, आणि खातं आधारशी आधीच जोडलेलं हवं.

मडगावला पहाटे पाचला उतरल्यावर हॉटेलची खोली दुपारी बाराशिवाय मिळत नाही, हा या बेतातला सगळ्यात मोठा खड्डा. सामान घेऊन सात तास भटकण्यात रोमान्स उरत नाही. बुकिंग करतानाच लवकर चेक-इनचं विचारा, जमलं तर शुक्रवार रात्रीपासूनच खोली घ्या. राहायला कोलवा किंवा बाणावली बरं. दोन्ही मडगावपासून सहा-सात किलोमीटरवर. उत्तर गोव्यात राहिलात तर रविवारी दुपारच्या वाहतुकीत गाडी चुकायची भीती. कुळ्याहून दूधसागरला जाणाऱ्या जीप पावसाळ्यात बंद असतात, त्यामुळं त्या काळात धबधबा बघायचा तर गाडीतूनच.

दोन धोके. पहिला, पावसाळ्यात दरड कोसळली की हा घाट बंद पडतो. २०२३ च्या जुलैत तसं झालं आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये घाटात मालगाडी घसरल्यानं गाड्या रद्द झाल्या होत्या. निघायच्या दिवशी एनटीईएसवर, म्हणजे रेल्वेच्या गाडी कुठवर आली ते सांगणाऱ्या सेवेवर, गाडीची स्थिती बघा, आणि अडलंच तर मडगावहून रस्त्यानं यायची तयारी ठेवा. दुसरा, डिसेंबर-जानेवारीत उत्तरेतल्या धुक्यानं जाणारी गाडी काही तास उशिरा येते. गंमत म्हणजे चार तास उशीर झाला तर जातानाच घाटात उजाडतं! पण त्या महिन्यांत परतीला सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणजे थोडा उशीर झाला तरी घाटाचा वरचा भाग अंधारात जातो. जुलैत सातपर्यंत उजेड असतो. आणि फेब्रुवारीनंतर धबधब्याला पाणीच फारसं नसतं.

रात्री अकराला मिरजेत उतरल्यावर कोल्हापूरची पॅसेंजर मिळेल या भरवशावर राहू नका. रस्त्यानं तास-सव्वा तास लागतो. गाडी आधी ठरवून ठेवा, किंवा स्वतःची गाडी पाहुण्यांच्या दारात लावून जा. मिरज-सांगलीत पाहुणे नाहीत असा कोल्हापूरकर मला तरी माहीत नाही.

पाऊस संपल्यावर जाणार असाल, म्हणजे दिवाळीनंतर मेपर्यंत, तर माझं मत माथेरानला. यात मिरजेची भानगड नाही. शुक्रवारी रात्री पावणेनऊ-नऊच्या सुमारास कोल्हापुरातूनच महालक्ष्मी एक्सप्रेस सुटते. ही गाडी सुरुवातीच्या स्टेशनावरून सुटत असल्यानं कोटा भरपूर आणि बर्थ निवडायला वाव असतो. खंडाळ्याचा घाट ती पहाटे अंधारात उतरते, त्याचं दुःख करू नका. सहाच्या आसपास कल्याणला उतरा, कर्जतकडं जाणारी लोकल पकडून पाऊण तासात नेरळ.

नेरळ-माथेरान ही २१ किलोमीटरची छोटी गाडी १९०७ पासून चालते. रुळांतलं अंतर फक्त दोन फूट, आणि वर जायला अडीच तासांच्या वर लागतात. सगळ्या मार्गावर एकच बोगदा आहे आणि त्याला 'वन किस टनेल' म्हणतात. तुमच्या सहलीचा हेतू लक्षात घेता हे सांगणं भाग आहे. पहिली गाडी सकाळी नऊच्या आत-बाहेर निघते. डबे थोडे, जागा मोजक्या, आणि शनिवारी मुंबईकर तुटून पडतात. म्हणून नेरळला उतरल्या उतरल्या चहाच्या टपरीकडं न वळता आधी तिकीट खिडकी गाठा. नाहीच मिळालं तर टॅक्सीनं दस्तुरीपर्यंत, म्हणजे मोटारी जिथं थांबतात तिथवर, जा आणि तिथं अमन लॉजहून शटल गाडी घ्या. दरीचा काही भाग तरी दिसतो. पावसाळ्यात नेरळहून वर जाणारी गाडी बंद असते, त्या काळात फक्त हे शटल चालतं. माथेरानात मोटारींना बंदी असल्यानं संध्याकाळी खरोखर शांतता असते, जी गोव्यात शोधावी लागते.

रविवारी दुपारी खाली या आणि रात्री सव्वानऊच्या सुमारास कल्याणहून परतीची महालक्ष्मी धरा. सोमवारी सात-साडेसातला कोल्हापूर. ऑफिस दहाचं असेल तर अंघोळ, नाश्ता करून आरामात जमतं. शनिवारची एकच रात्र मिळते, पण गाडीतल्या दोन रात्री धरून तुमचा हिशेब बसतो.

महालक्ष्मीनं मुंबई गाठून तिथून तेजस किंवा जनशताब्दीच्या काचेच्या डब्यातून कोकण बघू, असा बेत बरेच जण करतात. तो जमत नाही. महालक्ष्मी मुंबईत पोचते तोवर या दोन्ही गाड्या पहाटेच सुटून गेलेल्या असतात.

शुक्रवारची रजा मिळत असेल आणि दोघांनाही रेल्वेचं वेड असेल, तरच तिसरा मार्ग: सकाळी कोयना एक्सप्रेसनं निघून संध्याकाळी खंडाळा घाट उजेडात बघत मुंबई, रात्री ११:०५ ला सीएसएमटीहून कोकणकन्या, आणि शनिवारी सकाळी रत्नागिरीच्या पुढं उजाडल्यावर राजापूर, कणकवली, कुडाळ, सावंतवाडी बघत मडगाव. परत यायला वर सांगितलेली गोवा एक्सप्रेस. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेगळं, संथ वेळापत्रक असतं, त्यामुळं कोकणकन्या उशिरा पोचते. मात्र पहिल्याच दिवशी कोयनेत बारा तास बसायचं आहे, हे बायकोला आधी सांगा.

खाण्याचं म्हणाल तर तांबडा-पांढरा घरीच उरकून निघा, रस्सा गाडीत सांडतोच. सोबत भडंग, चपाती आणि सुकी भाजी पुरते. गोव्याहून परतताना बेळगावला रात्री आठच्या आसपास गाडी थांबते. तिथं फलाटावर कुंदा ही बेळगावची मिठाई मिळाली तर घ्या, पण खाली उतरण्याआधी गाडी किती मिनिटं थांबणार ते बघून घ्या.

वर दिलेल्या वेळा साधारण आहेत, वेळापत्रकात बदल होत राहतात. तिकीट काढायच्या दिवशी कुळे आणि कॅसलरॉक या दोन स्टेशनांच्या वेळा तेवढ्या पुन्हा तपासा. बाकीच्या पंधरा-वीस मिनिटं इकडं-तिकडं झाल्या तरी बेत बिघडत नाही.