पिल्लू आणावं की चार वर्षांचा कुत्रा दत्तक घ्यावा? मोठ्या कुत्र्याला माणसांचा लळा लागतो का?

तुम्ही लिहिलंय की दोघंही नोकरीला, घरात सात वर्षांचा मुलगा, आणि ओळखीतून चार वर्षांचा देशी कुत्रा मिळतोय. पण सासरची मंडळी म्हणतात, आणायचंच तर पिल्लू आणा, मोठ्याला लळा लागत नाही. लागतो हो. खात्रीने सांगते, कारण आमचा काळू आमच्याकडे आला तेव्हा साधारण तेवढाच होता.

काळू पुनावळ्याच्या एका बांधकामावर वाढला. तिथल्या वॉचमनची मुलं त्याला पोळी-भाकरी घालायची, नावही त्यांनीच ठेवलेलं. इमारत पूर्ण झाली, ती मंडळी दुसऱ्या साइटवर गेली आणि हा गेटपाशी बसून राहिला. पुण्याच्या आसपास असे कितीतरी कुत्रे आहेत. त्याला घरी आणायचं ठरलं तेव्हा मी त्या वॉचमनचा नंबर मिळवून फोन केला. दहा मिनिटांत त्यांनी सगळं सांगितलं: रात्री भुंकतो, पोरांनी शेपूट ओढली तरी काही करत नाही, मांजर दिसली की सुटतो, फटाक्यांना फार भितो. यातला शब्द न् शब्द पुढे खरा निघाला. पिल्लाबद्दल हे कोण सांगणार? ते केवढं होईल आणि कसं निघेल, हे वर्ष-दीड वर्षानंतरच कळतं. म्हणून तुमच्या कुत्र्याला आजवर ज्यांनी खाऊ घातलंय त्यांच्याशी आधी नीट बोला. एकटा राहतो का, जेवताना जवळ गेलं तर गुरगुरतो का, लहान मुलांत राहिलाय का, हे तीन प्रश्न तर विचाराच.

एक गोष्ट मात्र आम्हाला आधी माहीत नव्हती. पहिल्या दिवशी काळू लिफ्टमध्ये पाय ठेवेना, चार मजले जिन्याने आलो. घरात शिरल्यावर बाथरूमसमोरच्या बोळात जो बसला, तो सकाळपर्यंत हलला नाही. दहीभात, उकडलेलं अंडं, कशालाच तोंड लावलं नाही. कुकरची शिट्टी झाली तसा दिवाणाखाली शिरला आणि दोन तास बाहेर आला नाही. सासूबाई म्हणाल्या, "किती गरीब आहे गं हा." गरीब कसला, जीव मुठीत धरून बसला होता बिचारा. तीन आठवड्यांनी तोच काळू बेल वाजली की घर डोक्यावर घ्यायला लागला. लोक इथेच फसतात. शांत म्हणून आणलेला कुत्रा महिन्याभराने भुंकायला लागला की "हा बदलला" म्हणून परत नेऊन देतात. तो बदललेला नसतो, तेव्हा कुठे त्याची भीती गेलेली असते. प्राणी सांभाळणारी मंडळी तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा ढोबळ हिशोब सांगतात: तीन दिवस बावरलेला, तीन आठवड्यांत घराची सवय, तीन महिन्यांत आपलेपणा. आमच्याकडे साधारण तसंच झालं.

अकराव्या दिवशी दुपारी सासूबाई खाली बसून मेथी निवडत होत्या. काळू बोळातून उठला, वास घेत घेत आला आणि त्यांच्या पसरलेल्या पायावर हनुवटी टेकवून झोपला. त्यांनी पाय हलवला नाही. जुडी निवडून झाली, पायाला मुंग्या आल्या, तरी तशाच बसून राहिल्या. मला ऑफिसात फोन केला तोही कुजबुजत, त्याची झोप मोडू नये म्हणून.

त्याच वर्षी माझ्या बहिणीने दोन महिन्यांचं पिल्लू आणलं. एवढंसं पिल्लू दोन-तीन तासांपलीकडे लघवी धरू शकत नाही, रात्रीसुद्धा उठावं लागतं. लसी सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होतात आणि चार महिन्यांचं होईपर्यंत चालतात. तोवर त्याला रस्त्यावर सोडायचं नाही, कारण पार्वो, म्हणजे पिल्लांना होणारा जीवघेणा विषाणूचा आजार. पार्वो झालेलं पिल्लू बघता बघता हातचं जातं. मग दात बदलतात तेव्हा चपला, सोफ्याचे पाय, चार्जरच्या वायरी. बहिणीने पंधरा दिवस रजा काढली, पुढे रोज दुपारी आई तिच्याकडे जायची. तुमच्याकडे दिवसभर घरी कुणी नसेल तर पिल्लाचे हाल होतील, हे मी अगदी मनापासून सांगतेय. मोठा कुत्रा सकाळी नीट फिरवून आणला की सहा-आठ तास सहज थांबतो, तरी दुपारी कुणी एक फेरी मारून आणली तर बरंच. काळूने पहिल्या आठवड्यात दोनदा गॅलरीत लघवी केली. ठरलेल्या वेळेला खाली न्यायला लागलो, तसं वळण लागलं.

आणल्या आणल्या डॉक्टरांकडे न्या. रस्त्यावर वाढलेल्या कुत्र्याला गोचिड बहुतेक असतातच, आणि गोचिडतापाचे जंतू रक्तात असूनही तो वरून ठणठणीत दिसू शकतो. काळूच्या प्लेटलेट्स कमी निघाल्या, महिनाभर गोळ्या द्याव्या लागल्या. रक्ततपासणी, जंताचं औषध, रेबीजसह लसी, सगळं त्याच भेटीत बोलून घ्या. कानाला खाच असेल तर नसबंदी झालेली आहे असं समजा. पहिला महिना गळ्यात पट्टा आणि अंगात हार्नेस (छाती-पाठीभोवती बांधायचा पट्टा), दोन्हींना वेगवेगळी दोरी. घाबरलेला कुत्रा एका पट्ट्यातून मान मागे ओढून सुटतो, आणि नवीन भागात त्याला घराची वाट माहीत नसते.

सोसायटीवाले आडवे आले तर भारतीय पशु कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना दाखवा. कुत्रा पाळायला सोसायटीला बंदी घालता येत नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलंय.

मुलाला दोनच नियम सांगा: कुत्रा जेवताना आणि झोपलेला असताना हात लावायचा नाही, आणि गळ्यात पडायचं नाही. बघायला जाल तेव्हा त्याला सोबत न्या. जमिनीवर बसवा, हातात उकडलेल्या चिकनचा तुकडा द्या आणि कुत्र्याकडे टक लावून बघू नको म्हणावं. कुत्रा जवळ आला तर छान. नाही आला तर तुकडा तिथेच ठेवून निघा आणि पुढच्या रविवारी पुन्हा जा.