वाचकांचे प्रश्न : काम सुटल्यावर आणि माणूस हवा असल्यास

प्रश्न : बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीत (ओतकाम कारखान्यात) मी सहा वर्षे मोल्डिंगच्या कामावर होतो. मागणी घटल्याने गेल्या महिन्यात आम्हा काही जणांना कमी केले. माझे शिक्षण दहावी आणि आयटीआय आहे. मला युवा निधीचे पैसे मिळतील का? रोजगार कार्यालयात नाव घालून काही उपयोग होतो का?
— एक कामगार, खानापूर तालुका

उत्तर : युवा निधी आपल्याला लागू होत नाही. जानेवारी 2024 पासून कर्नाटक सरकार या योजनेतून पदवीधरांना दरमहा 3,000 आणि पदविकाधारकांना 1,500 रुपये जास्तीत जास्त दोन वर्षे देते. परंतु ती 2022-23 पासून पुढे उत्तीर्ण झालेल्या आणि त्यानंतर 180 दिवस काम न मिळालेल्या तरुणांसाठी आहे. हातचे काम गेलेल्या अनुभवी कामगाराचा त्यात विचार नाही, आणि आमच्या मते ही मोठी उणीव आहे.

आपल्या पगारातून ईएसआयची (कर्मचारी राज्य विमा महामंडळाची) वर्गणी कापली जात असेल, तर आधी ईएसआयच्या शाखा कार्यालयात जा. हे महामंडळ केंद्राचे आहे. त्याच्या अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत काम गेलेल्या विमाधारकाला सरासरी दैनिक वेतनाच्या निम्मी रक्कम 90 दिवसांपर्यंत, आयुष्यात एकदा मिळते. बेकार होण्यापूर्वी किमान दोन वर्षे विमापात्र नोकरी झालेली असावी लागते आणि वर्गणीच्या दिवसांचीही अट असते. योजनेची मुदत वेळोवेळी वाढवली गेली आहे, म्हणून ती सध्या चालू असल्याची खात्री करूनच अर्ज भरा.

मालकाकडून मिळायचे पैसे वेगळे. कामगारकपात झाली असेल, तर सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे 15 दिवसांच्या सरासरी वेतनाइतकी भरपाई कायद्याने देय आहे. पाच वर्षांहून अधिक सेवा झाल्याने ग्रॅच्युइटीचाही हक्क आहे. येथे एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. हिशेब देताना पुढे केलेला कागद बहुधा कन्नड किंवा इंग्रजीत असतो आणि त्यात ‘स्वखुशीने काम सोडत आहे’ असे एखादे वाक्य असू शकते. त्या सहीनंतर ही कपात होती हे सिद्ध करणे फार कठीण जाते, म्हणून तो कागद जाणत्या माणसाकडून शब्दन्‌शब्द वाचून घेतल्याशिवाय सही करू नका. पगाराच्या चिठ्ठ्या आणि बँकेच्या नोंदीही जपून ठेवा. सही आधीच झाली असेल, तर कामगार खात्याच्या कार्यालयात लेखी तक्रार देण्यास विलंब करू नका.

राज्याच्या रोजगार कार्यालयात नाव अवश्य घाला. तेथून भत्ता मिळत नाही, पण रोजगार मेळावे, कौशल्य प्रशिक्षण आणि रिक्त जागांची माहिती मिळते. आयटीआयच्या प्रमाणपत्रासोबत सहा वर्षांचा प्रत्यक्ष अनुभव अर्जात स्पष्ट लिहा, आणि नोंदणीचे नूतनीकरण मुदतीत करा.

प्रश्न : बेळगावजवळ मच्छे येथे माझे लहान मशीन शॉप असून बारा कामगार आहेत. सीएनसी (संगणक-नियंत्रित) यंत्रे चालवणारी मुले मिळत नाहीत. सरकारी रोजगार कार्यालय आमच्यासारख्यांच्या उपयोगी पडते का?
— लघुउद्योजक, मच्छे

उत्तर : पडते, मात्र आपण स्वतः जागा कळवली पाहिजे. 1959 च्या कायद्याने 25 किंवा अधिक कामगारांच्या खासगी आस्थापनांवर रिक्त जागा कळवण्याचे बंधन घातले होते. आपला कारखाना लहान असला तरी स्वेच्छेने कळवता येते, आणि कळवले म्हणून तेथूनच माणूस घेतला पाहिजे अशी सक्ती नसते. राष्ट्रीय करिअर सेवा या केंद्र सरकारच्या नोकरीविषयक संकेतस्थळावरही मालकांना विनाशुल्क नोंदणी करता येते.

तयार माणूस न मिळाल्यास शिकाऊ उमेदवार घ्या. 30 किंवा अधिक कामगार असतील तर ते बंधनकारक असते. आपल्याला ते ऐच्छिक आहे. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा 25 टक्के, कमाल 1,500 रुपयांपर्यंतचा वाटा केंद्र सरकार उचलते. जवळच्या आयटीआयच्या प्राचार्यांना परीक्षेच्या आधीच भेटा.

जागा कळवताना पगार, पाळीची वेळ, ईएसआय आणि पीएफ यांचा उल्लेख करा. मशीनच्या सूचना कन्नडमध्ये वाचाव्या लागणार असतील तर तेही लिहा. खानापूर किंवा हुक्केरीकडून येणाऱ्या मुलाला दुसरी पाळी सुटल्यावर शेवटची बस मिळेल का, याचाही विचार करून वेळ ठरवा. अनेक मुले पगारापेक्षा याच कारणाने काम सोडतात.